डाव्या पिळाची दोरी

गराजचे दार वर सरकले आणि आधी वास बाहेर आला. ओलसर, हिरवट, किंचित आंबूस असा भाताच्या पेंढ्याचा वास. टोरोंटोचा नोव्हेंबर सरत आला की हवेला कसलाच वास उरत नाही. पाने कुजून झालेली असतात, माती स्वतःला घट्ट मिटून घेते आणि नाकापर्यंत पोहोचते ती फक्त थंडीची धार. अशा बिनवासाच्या दिवसांत, उतरवून ठेवलेल्या उन्हाळी टायरांच्या शेजारी, भिंतीला टेकून हा भारा उभा आहे. एरी सरोवराच्या काठी हौसेने भात लावणाऱ्या एका जपानी कुटुंबाने तो यंदा पुन्हा पाठवला. त्याला पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला त्याचा राग आला.

पेंढ्यावर रागावण्यात अर्थ नाही, हे कळते. राग खरा माझ्या हातांवर आहे. या हातांनी वृत्तांची लक्षणे परीक्षेत लिहिली, लेकीच्या वेण्या घातल्या, पहाटेच्या अंधारात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, दीक्षान्त समारंभाच्या काळ्या झग्याच्या बाह्यांत गुदमरत पदवीचा कागद घेतला. सांगितलेले सारे त्यांनी ऐकले. एका गोष्टीत मात्र ते माझे राहत नाहीत. दोन तळव्यांच्या मध्ये पेंढा आला, की ते माझ्या वडिलांचे होतात.

आम्ही कोकणातले ज्यू, बेने इस्राएल. अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी आमचे गाव. बाबा पोस्टात होते, पण भातकापणीला रजा काढून खळ्यावर उतरत. झोडणी उरकली, उडवी रचून झाली, की उरलेला पेंढा भिजवून ते दोरी वळायला बसत. टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेले, दोन पेड तळव्यांत, उजवा हात पुढे, डावा मागे. सर्र, सर्र. प्रत्येक पेडाला स्वतःचा पीळ आणि दोघांचा मिळून एक तिसरा पीळ, आणि हे सारे एकाच घासण्यात. त्या आवाजात एक लय होती. पुढे महाविद्यालयात ओव्या वाचताना ती लय मला अचानक ओळखू आली आणि तासाला बसल्या बसल्या माझे तळवे खाजू लागले होते. शुक्रवारी ऊन उतरले की बाबांचे हात थांबत. शब्बाथ लागला. अर्धी दोरी उलगडू नये म्हणून तिच्या टोकावर एक काळा दगड ठेवला जाई. शनिवारभर मी त्या दगडाभोवती घोटाळत असे. रात्री आभाळात तारे दिसू लागले की दगड उचलायचा, आणि पीळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघायचा. मध्ये एक अख्खा दिवस गेला आहे हे दोरीला कधी कळलेच नाही.

हे मी फुमिको-सान यांना कुंपणापाशी उभी राहून सांगितले होते. नसते सांगितले तर बरे झाले असते, असे काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात मला पुष्कळदा वाटले.

फुमिको-सान आमच्या शेजारच्या घरात राहत. दोन्ही घरांची भिंत एकच. त्या निइगाताच्या. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचा तो मुलूख, जिथे बर्फ खिडक्या बुजवतो आणि लोक हिवाळाभर घरात बसून पेंढ्याच्या चटया, टोप्या, पायताणे करतात. तरुणपणी त्या कॅनडात आल्या, दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत काम केले, आणि माणसांकडे पाहताना आधी त्यांच्या दातांकडे पाहण्याची सवय त्यांना कायमची लागली. पहिल्याच भेटीत त्यांनी मला म्हटले होते, "तू रागावलेली झोपतेस. दाढा सांगतात."

त्यांच्या जेवणघरात, छताच्या जरा खाली, एक लाकडी फळी होती. फळीवर बोटभर उंचीचे देऊळ म्हणावे असे उतरत्या छपराचे घरकुल. आत मूर्ती नाही, तसबीर नाही. रोज सकाळी त्यापुढे तांदूळ, मीठ आणि पाणी ठेवले जाई, आणि त्यानंतर फुमिको-सान टोस्ट खात. ज्या हाताने देवाचे पाणी बदलले त्याच हाताने टोस्टरचे बटण दाबायचे, यात त्यांना काही वेगळे करतो आहोत असे वाटत नसे. फळीच्या पुढच्या कडेला पेंढ्याची एक जाड दोरी आडवी टांगलेली असे आणि तिच्यातून पांढऱ्या कागदाच्या नागमोडी घड्या लोंबत. ही दोरी म्हणजे उंबरठा. तिच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. दर वर्षाअखेरीस ती नवी लागते, आणि दर वर्षाअखेरीस फुमिको-सान ती स्वतः वळत आल्या होत्या.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाचा सांधा पार झिजला, डावा हात कापू लागला. घर विकले गेले होते. जानेवारीत त्या कॅलगरीला मुलाकडे जाणार होत्या. त्या घरातले, त्या भिंतीवरचे ते शेवटचे नवे वर्ष. मुलाने आईची अडचण ओळखून एक खोके पाठवले. त्यांनी मला बोलावून ते उघडून दाखवले. आत प्लॅस्टिकची दोरी होती, अगदी पेंढ्यासारखी, पिवळी, चकचकीत.

"धुता येते, म्हणतो," फुमिको-सान म्हणाल्या. "देवाला मी डिशवॉशरमध्ये घालणार आहे का?"

"त्याने मायेने पाठवली आहे."

"माया आहे. दोरी नाही." त्यांनी खोके मिटले. "तू म्हणाली होतीस, तुला वळता येते."

"येते."

"मग वळ. तू वळलीस तर मी हे खोके त्याला परत देईन आणि भांडणार नाही. नाही वळलीस, तर हेच टांगीन आणि आयुष्यभर भांडीन."

मी हो म्हटले. एका जुन्या ओळखीच्या गोष्टीला हो म्हणावे इतक्या सहज.

भारा त्यांच्या बेसमेंटमध्ये होता. एरीकाठचे ते भात दर वर्षी पुरते पिकत नाही. दाणा भरायच्या आत दंव पडते आणि लोंब्या पोचट राहतात. शेतकऱ्याचे सारे वर्ष वाया. पण देवाच्या दोरीला असाच पेंढा लागतो, दाण्याला सगळे देऊन पिवळा न पडलेला, अंगात अजून हिरवा. कॅनडाने जे पीक बुडवले ते या दोरीला मात्र नेमके जमले. फुमिको-सान हे सांगताना हसल्या. मला शेतकऱ्याची दया आली. पेंढ्याची बाहेरची सैल पाती बोटांनी विंचरून काढायची, मग लाकडी मोगरीने ठोकून काड्या मऊ करायच्या, पाणी शिंपडून त्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. हे सारे बाबाही करत. फक्त त्यांची मोगरी धुणे धुवायची होती. दुसऱ्या दिवशी मी त्या बेसमेंटच्या सिमेंटवर मांडी घालून बसले, टोक पायाच्या अंगठ्यात धरले आणि वळू लागले. कित्येक वर्षांत पेंढ्याला हात लावला नव्हता. तरी दोरी हातांतून अशी उतरू लागली, जशी पाठ असलेली कविता ओठांतून उतरते. एकसारखी, घट्ट, कुठे फुगा नाही, कुठे गाठ नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी ती वर नेऊन फुमिको-सान यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उभी धरली. खिडकीशी नेली. बराच वेळ पाहिली.

"फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण ही माणसांची आहे."

"म्हणजे?"

"माणसांची दोरी उजव्या पिळाची. ओझे बांधायची, होडी बांधायची, बैल बांधायची. देवाची डाव्या पिळाची. डावा हात पुढे, उजवा मागे. नाहीतर रोजचे कुठे संपले ते डोळ्यांना कळणार कसे?"

मी हसून म्हटले, त्यात काय, उलटी टांगू. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. मी ती खालची वर केली. पेड पूर्वीसारखेच, त्याच बाजूला चढत होते. मी पाठ फिरवून टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले. तेच. मी ती जमिनीवर ठेवून, वाकून, डोके उलटे करून पाहिली. सदोष ओळीतले शब्द मागेपुढे करून वृत्त साधणारी मी, त्या दोरीला कोणत्याही टोकाने धरून साधू शकले नाही. दोरीला दोन टोके असतात, पण पीळ एकच असतो. फुमिको-सान चहा पीत हा खेळ पाहत होत्या.

"झाले?" त्यांनी विचारले. "माझ्या नवऱ्यानेही तेच केले होते. तो इंजिनिअर होता, त्याला जास्त वेळ लागला."

तेथून तो डिसेंबर सुरू झाला, ज्याची आठवण आजच्या या वासाने पुन्हा अंगावर आली.

डावा हात पुढे. एवढेच तर करायचे होते. मी बसे, मनाशी घोकत असे, डावा पुढे, डावा पुढे, आणि एक वीतभर दोरी बरोबर उतरे. अवघडलेली, ओबडधोबड, पण बरोबर. मग वरून पाइपातून पाणी गेल्याचा आवाज येई, किंवा मला घरी डाळ भिजत टाकायची आठवण होई, आणि मन वळले त्या क्षणी हात आपल्या गावी परतत. खाली पाहावे तर उजवा पुढे. पीळ जिथे फिरला तिथे दोरीचे तोंड उघडे पडलेले, जसे शिवण उसवल्यावर पडते. उलगडायचे. पुन्हा भिजवायचे. काडी दोनतीनदा उलगडली की तिचा जीव जातो, ती तुटते. तळवे सोलवटले. रात्री क्रीम लावून हातमोजे घालून मी झोपे, आणि फुमिको-सान म्हणत त्याप्रमाणे, दाढा आवळून झोपे.

चीड अशी की ती कुणाला सांगण्याजोगीही नव्हती. ऑफिसात कुणी विचारले, वीकेंडला काय केलेस, तर काय सांगावे? एक दोरी उलटी वळता आली नाही. नवऱ्याने यूट्यूबवर पाहून मला दोन सूचना केल्या. त्या दिवशी आम्ही जेवताना बोललो नाही. लेक म्हणाली, "मॉम, जस्ट यूज युअर अदर हँड." मी म्हटले, बाळा, दोन्ही हात लागतात. ती म्हणाली, "देन जस्ट रिलॅक्स." रिलॅक्स झाले की बाबा येतात, हे तिला इंग्रजीत कसे सांगावे ते मला सुचले नाही. मराठीतही सुचले नसते.

पावणेपाचला अंधार. त्या अंधाराचीही एक गोष्ट फुमिको-सान यांनी मला सांगितली, मी सिमेंटवर बसून उलगडत असताना, स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून. सूर्यदेवी एकदा भावावर रागावून गुहेत जाऊन बसली. शिळा लावून घेतली. जगात काळोख. मग बाकीच्या देवांनी गुहेबाहेर नाचगाणे केले, इतके हसले की आत बसलेलीला राहवेना. तिने शिळा जराशी सरकवून डोकावले. तेवढ्यात एकाने तिला हात धरून बाहेर ओढले आणि दुसऱ्याने तिच्या पाठीमागे दोरी ताणली. आता मागे जायचे नाही.

"ती दोरी हीच," त्या म्हणाल्या. "सूर्याला परत जाऊ द्यायचे नाही, म्हणून."

मी खिडकीतून बाहेर पाहिले. बेसमेंटची ती चिंचोळी खिडकी जमिनीलगत होती. बाहेर बर्फाचा निळा कडा आणि त्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा डाग. ही देवी तर रोज दुपारीच गुहेत जात होती, आणि तिच्या मागे ताणायला माझ्यापाशी काही नव्हते. मला गोष्ट आवडली आणि गोष्टीचाही राग आला. कुणाच्या तरी हातात तेव्हा तयार दोरी होती. तिचे वळणे कुणी सांगत नाही.

थॉर्नहिलला माझी रिबेका मावशी राहते. शुक्रवारी मेणबत्त्या लावायच्या आधी मी तिच्याकडे चपात्यांचा डबा पोहोचवत असे. तिने माझे तळवे पाहिले आणि हात धरून दिव्याखाली नेले.

"हे काय? भांडी घासायला लागलीस का कुणाकडे?"

मी सांगितले. मावशीने शांतपणे ऐकून घेतले. ती शांत झाली की मला लहानपणीसारखी भीती वाटते.

"म्हणजे आपल्या दाराच्या चौकटीला देवाच्या वचनाचा मेझुझा, आणि दोरी दुसऱ्याच्या देवाच्या दाराला."

"मावशी, शेजारीण आहे ती. तिला हात नाहीत वळायला. मी काही त्या फळीला नमस्कार करत नाही. नुसती दोरी आहे."

"नुसती दोरी?"

"नुसती."

"मग बांध की उजवी. नुसत्या दोरीला डावंउजवं कशाला लागतं?"

मावशीने डबा उघडला, चपात्या मोजल्यासारख्या चाळवल्या, आणि म्हणाली, "तुझ्या बापाचे हात आहेत ते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगीच? तो पीळ तू काढायला निघालीस. कशासाठी? एका भल्या बाईसाठी. काढ बापडी. पण मला येऊन नुसती दोरी म्हणून सांगू नकोस."

गाडीत बसल्यावर मी स्टीअरिंगवर हात ठेवून तशीच राहिले. मावशीचे पटले नव्हते, म्हणून चीड नव्हती. पटले होते, म्हणून होती. मी स्वतःला उदार समजत होते. शेजारधर्म, परंपरेची आवड, काव्याची दृष्टी, अशी चांगली चांगली नावे मी त्या कामाला दिली होती. प्रत्यक्षात चालले होते ते एवढेच की माझ्या अंगात वडिलांचे जे काही जिवंत उरले होते, त्याला मी रोज संध्याकाळी चूक म्हणत होते आणि उलगडत होते. आणि तरीही थांबावेसे वाटत नव्हते. फुमिको-सान यांच्या फळीवर ते चकचकीत प्लॅस्टिक लटकलेले मला पाहवले नसते. माझा देव नव्हता, पण पेंढा माझा होता.

मग पेंढाच संपत आला. उलगडून उलगडून अर्ध्याहून अधिक भारा चुरा झाला. हॅलोविनच्या सजावटीतले उरलेले गवताचे गठ्ठे गार्डन सेंटरमध्ये स्वस्त लावले होते. आणून पाहिले, गव्हाचे काड होते, यंत्राने चेपलेले, हातात घेताच बिस्किटासारखे मोडणारे. पुण्याहून भाचा यायचा होता, त्याला फोन करून विचारले. तो खो खो हसला. "आत्या, कस्टम्सवाल्याला काय सांगू? मामांनी म्हैस घेतलीय?" पेंढा म्हणजे माती, किडे, बुरशी, तो विमानातून आणता येत नाही, हे मला ठाऊक होते. तरी विचारले. चिडलेला माणूस ठाऊक असलेलेच विचारतो.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी टांगलेली दोरी चालत नाही. एका रात्रीची सजावट प्रेताला करतात, असे फुमिको-सान यांनी बजावले होते. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी उरलेला सगळा पेंढा घेऊन बसले. त्या नेहमीप्रमाणे पायरीवर. वर जेवणघरात सारे खोक्यांत भरून झालेले. फक्त फळी तेवढी भिंतीवर. डावा पुढे. डावा पुढे. बाहेर बर्फ सारणारा नांगर रस्ता खरवडत गेला आणि मी मान वर केली नाही. दोरी उतरत होती. पहिल्यांदा मला तिच्यात ती सर्र ऐकू आली, अडखळती नाही, सलग, आणि मी सुखावले. किती सुंदर उतरते आहे, असे मनात आले. शेवटचे टोक बांधून मी दोरी वर धरली.

अर्धी डावी होती. अर्धी उजवी. मध्ये ते उघडे तोंड.

लय लागली तिथेच हात फिरले होते. सुंदर उतरत होती, कारण बाबा वळत होते.

मी दोरी फेकली नाही, एवढेच त्या क्षणाबद्दल मला चांगले सांगता येते. पेंढा उरला नव्हता. फुमिको-सान यांनी दोरी घेतली, उघड्या तोंडापाशी अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "इथे तू खूश झालीस."

"हो."

"कात्री दे."

त्यांना कात्री पेलत नव्हती. त्यांनी जागा दाखवली, कापले मी. डाव्या पिळाचा तुकडा त्यांनी निवडला, टोके दोऱ्याने माझ्याकडून बांधून घेतली. तो फळीच्या निम्म्या लांबीलाच पुरला. खुर्चीवर चढून मी तो मध्यभागी बांधला, कागदाच्या घड्या लावल्या. दोन्ही बाजूंना फळीची नागडी कड दिसत राहिली. खेडवळ, वेडीवाकडी, आखूड दोरी. मला लाज वाटली. मी म्हटले, "मुलाने पाठवलेली लावा. ती निदान पुरेल."

"देवाला आखूड चालते," त्या म्हणाल्या. "उलटे चालत नाही."

त्यांनी दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवल्या. हात कापत असल्यामुळे दुसरी टाळी नीट लागली नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, जिथे मी नेहमी उभी राहत असे. मग त्यांनी उजव्या पिळाचा तुकडा उचलून माझ्या हातात ठेवला. "हा चांगला आहे. याने काही बांध."

तो खरोखरच चांगला होता. मी आयुष्यात वळलेली सर्वात देखणी दोरी, आणि तिची गरज नव्हती. ती त्यांच्याच सामानाच्या एका खोक्याला बांधली. कॅलगरीला पोहोचल्यावर त्यांनी फोन करून कळवले की इतर खोक्यांच्या चिकटपट्ट्या सुटल्या, तेवढे एक खोके जसेच्या तसे आले. या कौतुकाने मला हायसे वाटायला हवे होते. मी फोन ठेवून ओट्यावर मूठ आपटली.

मुलाच्या घरात फळीला जागा मिळाली ती बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या भट्टीच्या शेजारी. देवाच्या डोक्यावरून माणसांनी चालणे बरे नाही. म्हणून फुमिको-सान यांनी फळीच्या वरच्या छताला एक कागद चिकटवला आहे आणि त्यावर त्यांच्या लिपीत एकच अक्षर लिहिले आहे: ढग. म्हणजे देवाला वाटावे, वर आभाळच आहे. नातवंडांची धावपळ नाही, टीव्ही नाही, भांड्यांचा आवाज नाही. हे मला सांगताना त्या अगदी गंभीर होत्या. मधल्या वर्षांत मुलानेच पाठवलेली ती प्लॅस्टिकची दोरी तिथे टांगली गेली. त्या भांडल्या, अर्थात. यंदा मात्र त्यांचा फोन आला.

"दात कसे आहेत?"

"झिजलेत."

"पेंढा पाठवायला सांगितला आहे. यंदा पूर्ण लांबीची हवी. पुढच्या वर्षीचे मी काही सांगत नाही, माझे वय मोज." आणि मग, मला काही बोलू न देता, "या वेळी मी बघत बसेन. व्हिडिओवर. तू खूश व्हायला लागलीस की मी ओरडेन."

म्हणून आज गराजमध्ये टायरांच्या राशीवर फोन उभा केला आहे आणि सिमेंटवर चटई टाकून मी बसले आहे. पडद्याच्या मोठ्या चौकटीत मी, कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत फुमिको-सान यांचे कपाळ आणि छताचा तुकडा. फोन नीट कसा धरायचा ते त्या शिकणार नाहीत. पेंढा भिजवलेला, ठोकलेला. टोक पायाच्या अंगठ्यात. मी हातांकडे पाहायचे नाही असे ठरवले होते. हातांकडे पाहिले की ते बिचकतात. मी पडद्याकडे पाहत वळू लागले. सर्र, सर्र. पडद्यात पेड नीट, एकापाठोपाठ एक, बाबांच्या दोरीच्या बरोबर उलट्या बाजूला चढत होते. तोंड कुठे उघडले नाही. पीळ कुठे फिरला नाही. वीत झाली, हात झाला. इतक्या वर्षांनी! मी ओरडले, "फुमिको-सान, बघा! डावी!"

कपाळ हलले नाही.

"बघताय ना?"

"बघते आहे. फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "माणसांची आहे."

"नाही हो, नीट बघा, पेड बघा कसे—" मी दोरी फोनपुढे नाचवली आणि तेव्हाच तिच्यावर प्रत्यक्ष नजर पडली. हातातली दोरी उजव्या पिळाची होती. पडद्यातली डाव्या. स्वतःच्या फोनमध्ये आपण स्वतःला आरशातल्यासारखे दिसतो, डाव्याचे उजवे होऊन; समोरच्याला मात्र आपण जसे आहोत तसेच दिसतो. हे लेकीने मला केव्हातरी सांगितले होते. मी तेव्हा ऐकले नव्हते.

छोट्या चौकटीत कपाळ खाली सरकले, डोळे आले, मग त्यांचे ते बारीक दात. त्या हसत होत्या. मला हसू येत नव्हते.

"सोड," त्या म्हणाल्या. "मी थांबते. दिवस आहेत अजून."

मी टोक मोकळे केले. काड्यांतले पाणी तळव्यांवरून मनगटात उतरले, बर्फासारखे. माझ्या पडद्यावर देवाची दोरी पेडापेडाने सुटत गेली, आणि तिकडे कॅलगरीत, आभाळ म्हणून चिकटवलेल्या कागदाखाली बसून, फुमिको-सान माणसांची दोरी सुटताना पाहत राहिल्या.